पोकळ कास्टिंगसाठी स्मूथ-कास्ट ३००, ३०५ की ३१०?

मुखवटे, बाहुल्यांची डोकी, शिरस्त्राणे, प्रदर्शनातली मॉडेल्स, पुतळ्यांच्या प्रतिकृती हे सगळे भरीव ओतण्यात अर्थ नसतो. रेझिन पाचपट लागते, वजन हाताबाहेर जाते आणि जाड भागात साठलेल्या उष्णतेने आकार आक्रसतो. म्हणून असे भाग पोकळ ओततात. मोजके पातळ रेझिन बंद साच्यात घालायचे, साचा सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवायचा आणि आतल्या भिंतीवर थर धरेपर्यंत हात थांबवायचा नाही. पाण्याच्या टाक्या ज्या रोटोमोल्डिंगने बनतात तिचेच हे थंड रूप म्हणता येईल. टाकीसाठी पॉलिएथिलीनची पूड धातूच्या साच्यात घालून साचा भट्टीत फिरवतात. इथे भट्टी लागत नाही, कारण दोन द्रव मिसळले की उष्णता आतूनच तयार होते. साचाही सिलिकॉन रबराचा चालतो.

या कामासाठी स्मूथ-ऑन या अमेरिकन कंपनीची स्मूथ-कास्ट ३०० मालिका फार वापरली जाते. ही दोन भागांची, म्हणजे ए आणि बी हे दोन द्रव मिसळून वापरायची, पॉलियुरेथेन रेझिन आहेत. ३००, ३०५ आणि ३१० या तिघांचे घट्ट झालेले प्लास्टिक जवळपास सारखेच असते: पांढरेशुभ्र, कडकपणा शोर डी ७० च्या आसपास. द्रवाची स्निग्धताही तिघांची ८० सेंटिपॉइजच्या जवळ, म्हणजे हलक्या इंजिन तेलाइतकी. फरक आहे तो फक्त वेळेत. ३०० ची पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर रेझिन ओतता येण्याजोगे राहते तो वेळ, ३ मिनिटे आणि ते १० मिनिटांत साच्यातून काढता येते. ३०५ ला ७ मिनिटे आणि अर्धा तास. ३१० ला १५ ते २० मिनिटे आणि दोन ते चार तास. हे सगळे आकडे २३ अंश सेल्सिअसचे.

भरीव कास्टिंग करणारा माणूस साहजिकच ३१० कडे वळतो. निवांत ढवळता येते, बुडबुडे वर यायला वेळ मिळतो. पोकळ कामात मात्र हाच निवांतपणा मुळावर येतो. थर भिंतीवर टिकतो तो रेझिन घट्ट होऊ लागल्यावर. त्याआधी तुम्ही साचा कितीही फिरवा, रेझिन फक्त भिंत ओली करून पुढे वाहत जाते. ३१० असताना एका थरासाठी पाऊण तासाहून जास्त वेळ न थांबता फिरवावे लागते. त्यात हात दोन मिनिटे जरी थांबला तरी सगळा माल तळाला जमतो आणि भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी होते. म्हणून स्पष्टच सांगते: हाताने फिरवून पोकळ भाग करायचे असतील तर ३१० घेऊ नका. मोटरवरचे यंत्र असेल आणि साचा फार मोठा असेल तरच त्याचा विचार करा.

३०० हे या कामाचे खरे रेझिन. डोक्याच्या आकारापर्यंतच्या साच्यांना तेच घ्यावे. त्याहून मोठा साचा असेल, किंवा आत खूप बारकावे असतील, तर पहिला थर ३०५ चा आणि पुढचे ३०० चे अशी जोडी जमते. दोन्हींचा रंग आणि कडकपणा सारखा असल्याने थर एकमेकांत बेमालूम मिसळतात. कंपनीचे स्मूथ-कास्ट ६५डी हे तर खास फिरवून ओतण्यासाठीच बनवलेले आहे. त्याची पॉट लाइफ अडीच मिनिटांची आणि कडकपणा नावाप्रमाणे शोर डी ६५. पातळ भिंतीचा भाग हाताळताना तडकू नये असे वाटत असेल तर ते अधिक बरे, पण अडीच मिनिटांत मोजलेले, ढवळलेले आणि ओतलेले रेझिन साचाभर पोहोचवायचे म्हणजे हात सरावलेला हवा. नवख्याने ३०० वरच शिकावे.

आता किती रेझिन लागेल याचा हिशेब. हा हिशेब न करता अंदाजाने कप भरणारे लोक नेहमी जास्त भरतात. १२ सेंमी व्यासाचा गोळा घ्या. भरीव ओतला तर आकारमान ९०५ घन सेंमी. रेझिनची घनता १.०५ असल्याने वजन सुमारे ९५० ग्रॅम. तोच गोळा ४ मिमी भिंतीचा केला तर १६९ घन सेंमी, म्हणजे १७८ ग्रॅम. वेड्यावाकड्या आकारासाठी सोपी रीत अशी की मूळ नमुन्याचे अंदाजे पृष्ठफळ चौरस सेंमीत काढायचे, भिंतीच्या जाडीने सेंमीत गुणायचे आणि आलेल्या घन सेंमीला १.०५ ने गुणून ग्रॅम करायचे. कपाला चिकटून राहणारे तीन-चार ग्रॅम वर धरा.

हे १८० ग्रॅम एकदम ओतायचे नाहीत. एकाच दमात ओतले तर माल घट्ट होतानाही जाड डबक्यासारखा फिरत राहतो, शेवटी एका जागी थांबतो आणि तिथेच गोळा होतो. चार थर करा: पहिला ६० ग्रॅमचा, पुढचे तीन ४०-४० ग्रॅमचे. पहिल्याला जास्त माल लागतो, कारण कोरडा साचा पूर्ण ओला व्हावा लागतो आणि बारीक खाचा भरून निघतात. ३०० चे प्रमाण आकारमानाने १:१ आहे, वजनाने मात्र ए १०० ला बी ९०. इथे अनेकांची गफलत होते. वजनकाट्यावर १:१ मोजले की बी जास्त पडतो आणि भाग मऊ, चिकट राहतो. ६० ग्रॅमसाठी ए ३१.५ आणि बी २८.५, ४० ग्रॅमसाठी ए २१ आणि बी १९ ग्रॅम. इतक्या लहान मापाला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. २० ग्रॅममध्ये एक ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे पाच टक्के चूक झाली.

चारही थरांचे ए आणि बी आठ वेगळ्या कपांत आधीच मोजून, ओळीने मांडून ठेवा. साचा हातात घेतल्यावर मोजायला वेळ मिळत नाही. ए फार वेळ उघडा ठेवू नका, कपांवर झाकण असू द्या. पिवळ्या लेबलचा ए म्हणजे आयसोसायनेट. त्याचा पाण्याशी संबंध आला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेझिन फेसाळते. म्हणूनच लाकडी काडी आणि कागदी कप टाळावेत. दोन्ही ओलावा धरतात. प्लास्टिकचा कप, प्लास्टिकची किंवा धातूची पट्टी वापरा. पावसाळी, दमट हवेत भागाच्या आतल्या बाजूला बारीक फेस दिसला तर दोष रेझिनचा नाही, हवेचा किंवा साच्याचा आहे. पाण्याने धुतलेला साचा वरून कोरडा वाटला तरी त्याच्या सांध्यात पाणी असते. साच्याबाहेरचे प्लास्टरचे आवरण तर आठवडाभर ओलावा सोडत राहते.

निळ्या लेबलच्या बी ची बाटली वापरण्याआधी चांगली हलवा, कारण ठेवल्या जागी त्यातले घटक वेगळे होऊ शकतात. दोन्ही एकत्र करून तीस-चाळीस सेकंद ढवळा. कपाच्या कडा आणि तळ खरवडत ढवळायचे. मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा दहा सेकंद ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेला पदार्थ राहतो आणि तोच शेवटी साच्यात पडून भागावर चिकट डाग पाडतो. ३०० मध्ये निर्वात पंपाने हवा काढायला वेळ पुरत नाही, आणि इतके पातळ रेझिन असताना त्याची गरजही पडत नाही. बुडबुडे अडकतात ते साच्यातल्या खाचांत, कपात नाही.

त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय टाल्कम पावडरचा. साच्याच्या आत ब्रशने पावडर फिरवायची आणि जास्तीची फुंकून किंवा आपटून काढून टाकायची. उरलेली धूसर पापुद्र्यासारखी पावडर रेझिनला खाचांत ओढून घेते, त्यामुळे नाकपुडी, कानाची पाळी, केसांच्या बटा अशा जागी टाचणीएवढे खड्डे पडत नाहीत. पावडर गोळा होऊन राहिली तर मात्र तिथेच खरखरीत डाग उठतो. बोटांसारखे लांब, अरुंद भाग असतील तर पहिला थर ओतताना साचा तिरका धरून ते आधी भरून घ्या. एक सेंटिमीटरहून अरुंद पोकळी रेझिनने सहसा भरीवच होते. त्यात बिघडत काही नाही, पण तोंड आधी बुजले तर आत हवा कोंडते आणि बोटाचे टोकच गायब होते.

पहिला थर ओतल्यावर कपातले उरलेले रेझिन डोळ्यांसमोर ठेवा. सुरुवातीला ते फिकट पिवळसर आणि आरपार दिसते. मग त्यात दुधाळ धागे उठतात आणि काही सेकंदांत सगळे पांढरे होते. पांढरे होणे म्हणजे रेझिन धरल्याची खूण. पण ही खूण साच्याला जशीच्या तशी लावू नका. कपात माल एकत्र साठलेला असतो, त्याची उष्णता त्यालाच तापवते आणि तो लवकर धरतो. साच्यावर पसरलेला एक मिलिमीटरचा थर ती उष्णता रबराला देऊन टाकतो आणि मागे राहतो. कप पांढरा झाला म्हणून साचा खाली ठेवला की ओघळ आलेच. कप धरल्यानंतरही तीन-चार मिनिटे फिरवत राहा. बंद साच्यात कान लावून आतला छपछप आवाज ऐकायचा. तो थांबला की माल वाहायचा थांबला.

हाताने फिरवताना एक फेरी चार-पाच सेकंदांत व्हावी. आधी एका अक्षावर दोन फेऱ्या, मग साचा पाव वळवून दुसऱ्या अक्षावर, मग कर्णावर. मोठी चूक म्हणजे लयीत, एकाच वाटेने फिरवणे. रेझिन त्याच वाटेने वाहते आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना पातळ पट्टे राहतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात हवे तर घाई करा, साचा ओला होणे महत्त्वाचे. नंतर सावकाश.

दुसरा थर कधी घालायचा, हे या सगळ्या कामातले सर्वांत नाजूक ठिकाण. पहिला थर अजून वाहता असताना दुसरा ओतला तर दोन्ही मिळून वाहतात. फार उशीर करून, थर पूर्ण कडक आणि थंड झाल्यावर ओतला तर रासायनिक जोड बसत नाही. असा भाग महिन्याभराने टेबलावर आपटला तर आतला पापुद्रा सुटून खुळखुळतो. साच्याच्या तोंडातून हातमोजा घातलेले बोट आत घालून पाहा. ठसा उमटतो पण हातमोज्याला काही लागत नाही, हीच वेळ. ३०० ला २३ अंशांत ही वेळ फिरवायला सुरुवात केल्यापासून साधारण पाच ते सात मिनिटांनी येते. पुढच्या प्रत्येक थराला ती लवकर येते, कारण साचा आता तापलेला असतो. चौथा थर कपातून ओतेपर्यंतच जड झाल्यासारखा वाटला तर दहा मिनिटे थांबून साचा निवू द्या. तेवढ्या वेळाने जोड बिघडत नाही. काही कारणाने रात्र मध्ये गेलीच तर आतून ८० नंबरच्या सँडपेपरने घासून, धूळ काढून मगच पुढचा थर द्या.

एक युक्ती जरूर करा. एकाआड एक थरात रंग बदला. पहिला थर पांढरा, दुसऱ्याच्या बी मध्ये काळ्या रंगद्रव्याचा टिपका टाकून करडा, तिसरा पुन्हा पांढरा. आत टॉर्च मारली की करड्या भिंतीवर पांढरे डाग, म्हणजे दुसरा थर जिथे पोहोचलाच नाही त्या जागा, लगेच दिसतात. पुढचा थर ओतताना रेझिन त्या बाजूला जरा जास्त वेळ खेळवायचे. सगळे थर पांढरेच ठेवले तर दोष कळतो तो साचा उघडल्यावर.

पातळ जागा कुठे येणार हे साचा पाहूनच सांगता येते. साच्यात आत घुसलेल्या कंगोऱ्यांवरून रेझिन ओघळून जाते आणि खोबणीत साठते. म्हणजे तयार भागात डोळ्यांच्या खोबण्या, ओठांची फट, कपड्याच्या चुण्यांचे तळ पातळ, तर नाकाचा शेंडा आणि हनुवटी जाड. खोबण्यांसाठी रेझिनमध्ये थोडी फ्युम्ड सिलिका (दाटपणा आणणारी अतिबारीक पूड) मिसळून लापशीसारखे दाट करायचे आणि दोन थरांच्या मध्ये ब्रशने तेवढ्याच जागी लावायचे. सपाट, मोठ्या पाठीसारख्या भागांना मात्र साध्या थरांशिवाय पर्याय नाही. तिथे ४ मिमी पुरत नाही, ५-६ मिमी करा, नाहीतर सपाट भिंत घट्ट होताना आत ओढली जाते.

साच्याबद्दल. ८० सेंटिपॉइजचे रेझिन कोणत्याही फटीतून वाट काढते. दोन तुकड्यांचा साचा भरीव कास्टिंगला न गळणारा असला तरी फिरवताना गळेल, कारण आता सांधा कधी वर, कधी खाली, कधी आडवा होतो. ब्रशने लावलेला सिलिकॉनचा ८-१० मिमी जाड साचा आणि त्यावर कडक आवरण ही रचना सर्वांत चांगली. ठोकळ्यासारखा चौकोनी साचा विनाकारण जड होतो आणि पाच-सहा किलो हातात घेऊन वीस मिनिटे फिरवणे कुणालाच झेपत नाही. आवरण प्लास्टरच्या पट्टीचे करण्यापेक्षा फायबरग्लासचे करा, वजन निम्म्याहून खाली येते. सांध्यावर जीभ-खाच असू द्या, आवरणाला बोल्ट किंवा पट्टे लावून सगळीकडून सारखे आवळा. फार आवळले तर रबर आतल्या बाजूला फुगते आणि भागावर सांध्याची ओळ खोल उमटते. गळतीची शंका असेल तर पहिल्या थराआधी १० ग्रॅम रेझिन घालून ते फक्त सांध्यावरून फिरवा आणि धरू द्या. तेवढ्यानेच साचा बंद होतो. बाहेरून गळू लागलेच तर तेलकट माती दाबून बसवा.

सिलिकॉनच्या साच्याला पॉलियुरेथेन चिकटत नाही, तरी दर दोन-तीन भागांनी रिलीज एजंटचा (भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून लावायच्या द्रव्याचा) हलका फवारा मारला तर साच्याचे आयुष्य वाढते. फवारा मारल्यावर मऊ ब्रशने पसरवून पाच मिनिटे सुकू द्या. ओला फवारा थराखाली माशाच्या डोळ्यांसारखे गोल डाग पाडतो. रंग द्यायच्या भागावर रिलीज एजंट राहिला तर रंग सोलून येतो, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुवा.

साचा पूर्ण बंद असेल तर हवेला वाट ठेवणे विसरू नका. रेझिन तापते तशी आतली हवा फुगते आणि न धरलेल्या थरातून सांध्याकडे पळते. भागावर सांध्यालगत भोकांची रांग दिसली तर कारण हेच. नंतर हवा निवते, आक्रसते आणि मऊ भिंतीला आत ओढते. एक बारीक नळी साच्याच्या पोकळीच्या मध्यापर्यंत जाईल अशी बसवा आणि तिच्या बाहेरच्या टोकाला कापूस सैल घाला. नळीचे आतले टोक मध्यात असल्याने रेझिन तिच्यातून सांडत नाही. तळ उघडा असलेल्या साच्यांना हा प्रश्नच नाही. त्यांचे तोंड हाताळताना झाकण म्हणून प्लास्टिकचा तुकडा पुरतो.

यंत्र घ्यावे का? महिन्यातून दोन-चार भाग करणाऱ्याला नको. एकाच साच्यातून ओळीने पंचवीस-तीस भाग काढायचे असतील तर दोन चौकटींचे यंत्र फार उपयोगी. बाहेरची चौकट एका अक्षावर, आतली तिच्यात काटकोनात फिरते. यंत्र घेताना किंवा बनवताना दोन गोष्टी तपासा. पहिली, दोन्ही अक्षांच्या फेऱ्यांचे प्रमाण १:१ किंवा १:२ असे साधे नको, नाहीतर दर फेरीला रेझिन त्याच वाटेवर येते. गिअरचे दात असे निवडा की वाट सारखी सरकत राहील. दुसरी, वेग. बाहेरची चौकट मिनिटाला आठ ते बारा फेऱ्या, बस्स. वेग वाढवला की काम लवकर होईल असे वाटते, पण हे काम गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर चालते. केंद्रापासून २० सेंमीवर मिनिटाला १० फेऱ्यांना बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाच्या जेमतेम दोन टक्के असतो. ६० फेऱ्यांना तो ८० टक्क्यांवर जातो. मग सगळे रेझिन साच्याच्या दूरच्या टोकांना जाऊन बसते आणि मधला पट्टा उघडा राहतो. साचा चौकटीत मध्यावर बसवा आणि वजनाचा तोल साधा, नाहीतर मोटर अर्ध्या फेरीत धावते आणि उरलेल्या अर्ध्यात कण्हते.

साच्यातून काढण्याची १० मिनिटांची वेळ जाड मालासाठी आहे. चार मिलिमीटरच्या पोकळ भिंतीला शेवटच्या थरानंतर पाऊण तास ते तास द्या. लवकर काढलेला मुखवटा टेबलावर ठेवल्या ठेवल्या चपटा होतो आणि तसाच कडक होतो. असे झालेच तर भाग गरम पाण्यात धरून मऊ करा, पुन्हा साच्यात बसवा आणि तिथेच थंड होऊ द्या. बहुतेक वेळा आकार परत येतो.

हाच गुण या रेझिनची सर्वांत मोठी मर्यादाही आहे. ३०० चे उष्णतेने वाकण्याचे तापमान सुमारे ५० अंश सेल्सिअस. उन्हात उभ्या बंद गाडीत पातळ भिंतीचा भाग ठेवला तर तो वाकणार. दिव्याजवळ, काचेच्या खिडकीत, उघड्यावर ठेवायच्या वस्तूंना हे रेझिन निवडू नये. भाग साच्यातच ठेवून ६५ अंशांना काही तास भाजला तर उष्णतासहिष्णुता आणि ताकद थोडी सुधारते, पण त्याने बाहेर वापरण्याजोगे प्लास्टिक होत नाही. अतिनील किरणांनी पांढरा रंग पिवळा पडतो, त्यामुळे रंगाचा लेप हवाच. आक्रसण्याचा आकडा सुमारे एक टक्का, म्हणजे ३० सेंमीत ३ मिमी. पोकळ भागात उष्णता कमी साठत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी आक्रसते. दोन भाग एकमेकांत बसवायचे असतील तर दोन्ही एकाच पद्धतीने ओता. एक भरीव आणि एक पोकळ केला तर सांधा जुळत नाही.

रंगाच्या बाबतीतही ३०० ची एक अडचण आहे. मूळ पांढरेपणामुळे कोणताही रंग टाकला तरी तो फिका, दुधाळ उतरतो. गडद लाल किंवा काळा हवा असेल तर त्याच कंपनीचे ३२५ पाहा, ते पांढरे होत नाही आणि रंग खरा उतरतो. धातूसारखे रूप हवे असेल तर फक्त पहिल्या थरात ब्राँझची पूड घाला: ए, बी आणि पूड तिघे आकारमानाने समान. पुढचे थर साधे. भाग निघाल्यावर ०००० नंबरच्या स्टील वूलने घासला की वरची रेझिनची साय निघून धातू चमकतो. पोकळ कास्टिंगमध्ये पूड फक्त बाहेरच्या मिलिमीटरभर थरात लागते, त्यामुळे भरीवपेक्षा खर्च खूपच वाचतो.

हलक्या भागाला आतून आधार हवा असेल तर कडक पॉलियुरेथेन फोम भरतात. भाग साच्यात असतानाच भरा, आणि तीन-चार हप्त्यांत भरा. एकदम भरलेला फोम तापतो आणि दाबतो, ३ मिमीची भिंत त्याने बाहेर फुगते. जास्तीचा फोम बाहेर पडायला मोठे तोंड मोकळे ठेवा. पूर्ण बंद कवचात फोम कधीच भरू नका.

ए मधल्या आयसोसायनेटने श्वसनाची ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की नंतर थोडीशी वाफही त्रास देते. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, वाहती हवा आणि सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क ही किमान तयारी. लेटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यांच्यामुळे प्लॅटिनम सिलिकॉनचे साचेही बिघडतात. उरलेले मिश्रण एका मोठ्या कपात साठवू नका. पावशेर माल एकत्र धरला तर कप हातात धरवत नाही इतका तापतो आणि धूर सोडतो. पत्र्यावर पातळ पसरून घट्ट होऊ द्या आणि मग टाका. घासताना उडणाऱ्या धुळीसाठी धुळीचा मास्क वेगळा.

उघडलेल्या बाटल्या फार काळ टिकत नाहीत, आणि बिघडतो तो आधी ए. झाकण लावण्याआधी बाटलीच्या तोंडाचा आणि आट्यांचा द्रव पुसून घ्या, नाहीतर झाकण चिकटून बसते. वर कोरड्या वायूचा फवारा मारून हवा बाहेर काढली तर ओलावा आत राहत नाही. कंपनीचा एक्सटेंड-इट याच कामाचा आहे. थंडीत ठेवलेल्या ए मध्ये पांढरे खडे दिसले तर बंद बाटली कोमट जागी ठेवून ते विरघळू द्या आणि मगच मोजा. खडे तसेच राहिले तर प्रमाण बिघडते. वर जाड साय धरली असेल किंवा द्रव मधासारखा दाट झाला असेल तर ती बाटली पोकळ कामाला वापरू नका. दाट माल भिंतीवर पसरायच्या आधीच धरतो. आपल्याला वर्षाला किती भाग काढायचे आहेत ते मोजून तेवढाच मोठा संच घ्या, आणि नव्या बाटलीतून पहिले ४० ग्रॅम साच्यात न ओतता कपातच ढवळून, घड्याळ लावून, पांढरे व्हायला किती वेळ लागतो ते पाहून घ्या.